थांबलेल्या माणसाचे मोल

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, विवाहातील खर्च, व्यसनमुक्ती अशा विषयांवर व्याख्याने होत असतात, आणि ती व्हावयासच हवीत. यंदा कार्यकारिणीने विषयाची निवड मजवरच सोपविली. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, गावच्या शाळेत हयात घालविलेला एक साधा शिक्षक. दूरदेशीच्या तत्त्वज्ञानावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. म्हणून आपल्या घरांसमोरच उभा असलेला एक विषय मी घेतला आहे. पळस्पे फाट्याकडून जासई, करळ फाट्यामार्गे न्हावा-शेव्याच्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रेलरची रांग लागलेली आपण नेहमी पाहतो. रांग पाहून आपण चडफडतो, वाट वाकडी करून पुढे जातो. त्या रांगेत स्टिअरिंगमागे बसलेल्या माणसाचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही. तो विचार आज आपण सर्वांनी मिळून करावा, एवढीच माझी विनंती आहे.

प्रथम आपण या रांगेशी कसे बांधले गेलो आहोत हे आठवू. आपल्या आगरी समाजाचे पूर्वज या खाडीकाठी भातशेती करीत, मिठागरे पिकवीत. मुंबई बंदरावरील भार हलका करण्यासाठी पलीकडच्या किनाऱ्यावर नवे बंदर व्हावे असे ठरले, आणि नव्या मुंबईसाठी व बंदरासाठी आपल्या जमिनी गेल्या. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलचा शेतकरी उभा राहिला. १९८४ च्या जानेवारी महिन्यात १६ आणि १७ तारखेला गोळीबार झाला व पाच बांधवांनी प्राण दिले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व त्या रक्तातून आले. पुढे २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. शेत गेलेल्या घरांतील कोणी बंदरात लागला, कोणी गोदामात. आणि अनेकांनी मोबदल्याच्या पैशांतून किंवा कर्ज काढून ट्रेलर घेतला. ज्यांना तेवढी ऐपत नव्हती त्यांनी दुसऱ्याच्या ट्रेलरवर चालक म्हणून नोकरी धरली. माझ्या हाताखालून गेलेले कितीतरी विद्यार्थी आज ही वाहने चालवितात. तात्पर्य, ही रांग परक्यांची नाही. तिच्यात उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थानातून आलेले बांधव आहेत, बीड-नगरकडचे आहेत, आणि आपलेही आहेत.

रांग का लागते, हे समजून घेतल्यावाचून तिच्यावर बोलणे व्यर्थ आहे. मी गणित शिकविले आहे. तेव्हा एक सोपे उदाहरण घालतो. समजा, एका फाटकावर प्रत्येक ट्रेलरची कागदपत्रे, कंटेनरचा क्रमांक आणि सील तपासण्यास तीन मिनिटे लागतात. म्हणजे तासाला २० ट्रेलर आत जातात. आता तासाला ३० ट्रेलर येऊ लागले, तर दर तासाला १० मागे राहतील. सहा तासांनी रांगेत ६० ट्रेलर असतील, आणि शेवटच्या चालकाला तीन तास थांबावे लागेल. फाटकावरील कोणी आळशी नाही, कोणी उद्धट नाही, तरीही तीन तास! त्यातच संगणक दोन तास बंद पडला, तर त्या दोन तासांत आलेले आणखी साठ त्या रांगेत जमा. शिवाय एक ट्रेलर सुमारे १६ मीटर लांब असतो. दोन ट्रेलरांमध्ये दोनच मीटर अंतर धरले, तरी हजार ट्रेलरांची रांग १८ किलोमीटर होते. रस्ता कितीही रुंद केला, तरी या हिशेबापुढे तो अपुराच पडावयाचा.

मग सारे ट्रेलर एकाच वेळी का येतात? चालकांना शिस्त नाही म्हणून, असे उत्तर पुष्कळजण देतात. ते खरे नाही. निर्यातीचा माल जहाज लागण्यापूर्वी ठराविक मुदतीतच बंदरात पोहोचवावा लागतो. त्याआधी फाटक त्याला घेत नाही आणि मुदत टळली तर जहाज चुकते. हल्लीची जहाजे प्रचंड. एकेक जहाज हजारो कंटेनर वाहते. एका जहाजाच्या मुदतीसाठी नाशिकची द्राक्षे, पुण्याची यंत्रे, इचलकरंजीचे कापड, सारे एकाच दिवशी निघते. २०२३-२४ या वर्षात या बंदराने वीस फुटी मापाने ६४ लाखांहून अधिक कंटेनर हाताळले. काही माल रेल्वेने जातो. परंतु मोठा भाग अजूनही रस्त्यावरच आहे. आयातीच्या बाजूला हवा तो कंटेनर दुसऱ्या चार कंटेनरांच्या तळाशी असला, तर क्रेनने वरचे बाजूला काढीपर्यंत चालकाने उभे राहावयाचे. माल उतरल्यावर रिकामा कंटेनर जहाज कंपनी सांगेल त्या यार्डात पोहोचवावयाचा. तेथे जागा नसेल, तर दुसऱ्या यार्डाची रांग.

आणि पुष्कळदा कारण येथे नसतेच. २७ जून २०१७ रोजी जगभरच्या संगणकांवर एक मोठा हल्ला झाला. एका परदेशी जहाज कंपनीची यंत्रणा बंद पडली, आणि आपल्या बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा जहाजे सुएझचा कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली. वेळापत्रके विस्कटली; एकामागून एक यावयाची जहाजे एकदम येऊ लागली. युद्ध येमेनच्या किनाऱ्यावर, आणि रात्र काढावयाची करळ फाट्यावर, असा हा आजच्या व्यापाराचा न्याय आहे.

आपल्या वाडवडिलांनाही थांबणे ठाऊक होते. भरती आल्याखेरीज मचवा हलत नसे. परंतु तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अजमासे निघते, हे निरक्षर म्हाताऱ्यालाही माहीत असे. तेवढ्या वेळात तो जाळे शिवी, जेवून घेई, पाठ टेके. बंदराच्या रांगेतील थांबण्याला तिथी नाही. रांग केव्हा हलेल हे कोणी सांगत नाही. डोळा लागला तर मागचा पुढे सरकतो. वाहन सोडून जावे तर डिझेलची व सामानाची चोरी होण्याची भीती. जेवण मिळेल तेव्हा, आंघोळ जमेल तेथे, आणि शौचाला रस्त्याची कड. मे महिन्यात केबिन तव्यासारखी तापते. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या जड मालट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु आधीचे लाखो ट्रक आहेत तसेच आहेत. आणि असा ताटकळलेला, अर्धवट झोपेतला माणूस अखेर फाटकातून सुटतो, तेव्हा गेलेला वेळ भरून काढण्यासाठी तोच रात्री वाहन दामटतो. आपल्या गावांतील दुचाकीवरचे तरुण ज्या अपघातांत बळी पडतात, त्यांचा विचार करताना ही साखळी ध्यानात घ्यावी.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. व्यापारात थांबण्याला किंमत नाही असे कोणी म्हणेल, तर ते साफ चुकीचे आहे. जहाज भाड्याने घेणाऱ्याने ठरल्या मुदतीत माल चढविला-उतरविला नाही, तर त्याला जहाजमालकास विलंबशुल्क द्यावे लागते. हा सागरी व्यापारातील फार जुना दंडक आहे. कंटेनर ठरलेल्या दिवसांपलीकडे ठेवून घेतला, तर जहाज कंपनी दर दिवसाचे पैसे लावते. माल बंदराच्या आवारात पडून राहिला, तर जागेचे भाडे चढते. जहाज थांबले तर पैसे, पेटी थांबली तर पैसे, जमीन अडली तर पैसे. माणूस थांबला तर मात्र काही नाही! या साऱ्या साखळीत ज्याच्या वेळेला दरपत्रकच नाही, असा एकच आहे, आणि तो म्हणजे चालक. जेथे दुसऱ्याचा वेळ फुकट मिळतो, तेथे तो वाचविण्याची खटपट कोण करील? रांग हटत नाही याचे मूळ माझ्या मते येथे आहे.

कायद्याची गोष्टही मनोरंजक आहे. १९६१ साली मोटर वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम, मध्ये विश्रांती, असे चांगले नियम त्यात होते. परंतु कामाचे तास मोजताना टर्मिनलवर नुसते हजर राहण्याचा पंधरा मिनिटांहून कमी काळ तेवढा कामात धरावा, असे त्यात लिहिले होते. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एस. टी.च्या स्थानकावरील चालक असावा. बंदरावरील मुक्काम नसावा. आणि पाचांहून कमी कामगार असलेल्या धंद्याला तर हा कायदा लागूच नव्हता. एक-दोन ट्रेलर असलेल्या मालकाचा चालक त्याच्या छायेबाहेरच राहिला. २०२० च्या कामगार संहितांपैकी एकीत हा कायदा आता विलीन झाला असून त्या संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आल्या. नव्या व्यवस्थेत रांगेतील तासांचे काय होते, हे आपल्यातील वकील मंडळींनी अभ्यासून समाजाला सांगावे, अशी माझी त्यांना जाहीर विनंती आहे.

एक विलक्षण योगायोग सांगतो. कंटेनरची कल्पनाच मुळी ट्रकचालकाच्या थांबण्यातून निघाली, असे म्हणतात. माल्कम मॅक्लीन हा अमेरिकेतील ट्रकवाला. १९३७ साली न्यू जर्सीतील होबोकेनच्या धक्क्यावर कापसाच्या गासड्या उतरण्याची वाट पाहत आपण दिवसभर खोळंबलो, आणि तेव्हा वाटले की आख्खी पेटीच उचलून जहाजात का ठेवू नये, असे तो उतारवयात सांगत असे. इतिहासकारांना ही आठवण तंतोतंत खरी वाटत नाही. परंतु २६ एप्रिल १९५६ रोजी त्याचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले, ही गोष्ट नोंदलेली आहे. पूर्वी जहाज रिकामे व्हावयास कित्येक दिवस लागत. आता ते काम तासांवर आले. जहाजाचे थांबणे संपले. ज्याच्या खोळंब्याची ही कथा, तो ट्रकवाला मात्र सत्तर वर्षांनीही धक्क्याबाहेर उभाच आहे.

हा रोग असाध्य आहे काय? नाही. आपल्याच देशात पाहा. जकात नाक्यांवर आणि राज्यांच्या सीमांवर ट्रक दिवसेंदिवस उभे असत. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि ती नाकी उठली. फेब्रुवारी २०२१ पासून टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. मनावर घेतले तर थांबणे कमी करता येते, हे यावरून दिसते. बंदराच्या बाजूनेही प्रयत्न झाले आहेत, हे नमूद करणे न्यायाचे आहे. २०१६ पासून आयातदाराला थेट बंदरातून माल नेण्याची सोय वाढविण्यात आली; ट्रेलरसाठी मध्यवर्ती वाहनतळ उभारला गेला.

परदेशांत याहून पुढचे पाऊल टाकले गेले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २००२ साली कायदा केला, की बंदराच्या फाटकाशी ट्रक इंजिन चालू ठेवून तीस मिनिटांहून अधिक खोळंबला तर टर्मिनलला अडीचशे डॉलर दंड व्हावा. वेळ नेमून देणाऱ्या अथवा फाटक अधिक तास उघडे ठेवणाऱ्या टर्मिनलांना त्यातून सूट होती. अशा नियमातला धोका उघड आहे. घड्याळ फक्त फाटकाबाहेर लावले, तर बाहेरची रांग उचलून आत नेता येते आणि चालक होता तेथेच राहतो. म्हणून सिडनीच्या पोर्ट बॉटनी बंदराची पद्धत मला अधिक पटते. तेथे २०११ पासून नियम असा झाला, की प्रत्येक ट्रकला वेळ नेमून द्यावयाची. ट्रकवाला उशिरा आला तर त्याने टर्मिनलला भुर्दंड द्यावयाचा, आणि टर्मिनलने ठरल्याहून अधिक वेळ लावला तर त्याने ट्रकवाल्याला द्यावयाचा. दंड दोन्ही बाजूंना! शाळेतही हाच न्याय हवा. विद्यार्थ्याने घंटेला यावे हे खरे, पण मास्तरानेही घंटेलाच वर्गात जावे.

आता काही शब्द मी आपल्याच मंडळींना उद्देशून बोलणार आहे. ते कडू लागले तर वडीलकीच्या नात्याने क्षमा करावी. या सभेत ट्रेलरमालक बसलेले आहेत आणि चालकही बसलेले आहेत. काही घरांत तर एक भाऊ मालक आहे आणि दुसरा चालक. आपल्यातील बहुतेक मालक चालकाला फेरीवर पैसे देतात. महिन्यात फेऱ्या पंधरा झाल्या तर घर चालते. रांगेने त्या आठ केल्या तर चालकाच्या घरी निम्मा शिधा येतो. बँकेचा हप्ता मालकालाही चुकत नाही, हे मी जाणतो. परंतु बंदराने आमच्या वेळेचे मोल द्यावे अशी मागणी करावयाची, आणि आपल्याच ट्रेलरवरील माणसाला त्याच्या वेळेचे मोल द्यावयाचे नाही, हे कोणत्या तोंडाने? १९८४ साली आपण जमिनीचा न्याय्य भाव मागितला. जमिनीला भाव असतो तसा माणसाच्या दिवसालाही असतो. तो आपण आधी आपल्या घरात मान्य केला, तरच बाहेर मागण्याचा हक्क पोहोचतो.

यासाठी मी चार गोष्टी सुचवितो. पहिली, मंडळाच्या सभासद मालकांनी फेरीच्या पैशांखेरीज थांबा-भत्ता सुरू करावा. रांगेतील पहिले दोन तास सोडून पुढे दर तासाला किती, ते एकत्र बसून ठरवावे. सर्वांनी एकदम ठरविले, तर भाडे ठरविताना व्यापाऱ्याकडून ते मागता येईल. एकट्याने मागितले तर काम दुसऱ्याकडे जाईल.

दुसरी, प्रत्येक चालकाने एक वही ठेवावी. रांगेत लागलो केव्हा, फाटकातून आत गेलो केव्हा, बाहेर पडलो केव्हा, या तीनच वेळा रोज लिहाव्यात. वर्षाअखेरीस मंडळाने सर्व वह्यांची बेरीज करावी आणि ती बंदराच्या अधिकाऱ्यांपुढे ठेवावी. तक्रार हवेत विरते. तारीखवार आकडा सहसा विरत नाही. त्या आकड्यांच्या बळावर दोन्ही बाजूंना बांधणाऱ्या वेळेच्या नियमाची मागणी करता येईल.

तिसरी, रस्त्यालगतच्या प्रत्येक गावाने पिण्याचे पाणी, शौचालय आणि उजेड एवढी तरी सोय करावी. परप्रांतांतून आलेला चालक आपल्या वेशीवर तहानलेला राहतो, ही आपल्या आगरी आतिथ्याला शोभणारी गोष्ट नाही. महिला मंडळाने माफक दरात जेवणाचे केंद्र चालविले, तर दोन भगिनींना रोजगारही मिळेल.

चौथी, रात्री रस्त्याकडेला विनादिव्याचे उभे केलेले वाहन हे यमदूत आहे. मागे चमकपट्ट्या लावल्यावाचून आणि दिवे लावल्यावाचून आपल्या सभासदाचा एकही ट्रेलर उभा राहू नये. यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहावयास नको.

शेवटी तरुणांना एक सांगणे. या धंद्याला कोणी हलके लेखू नये. आपण ज्या वस्तू वापरतो त्यांपैकी कितीतरी कोणा ना कोणा चालकाच्या जागरणातून आपल्यापर्यंत आल्या आहेत. परंतु धंद्यात पडायचे तर शिकून पडा. कागदातील एका चुकलेल्या अंकासाठी फाटकावरून परत फिरविले जाते आणि एक आख्खा दिवस जातो. जो चालक कागद वाचू शकतो, त्याचा वेळ वाचतो आणि त्याला कोणी सहज फसवू शकत नाही.

बंधूंनो, या बंदरासाठी आपल्या समाजाने भूमी दिली आणि प्राणही दिले. त्याच बंदराच्या दाराशी आपली मुले आणि दुसऱ्यांची मुले दिवस आणि रात्री घालवीत आहेत. भूमीचा हिशेब आपण मागितला. या दिवसांचा हिशेब मागण्याचे काम आता आपल्यावर आहे. त्याची सुरुवात आपल्या घरातील वहीपासून व्हावी, एवढी प्रार्थना करतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!